फ्लिपबुक करू नका: छापील अंकाची वेबसाइट करायच्या प्रोजेक्टचं प्लॅनिंग

दरवर्षी फायनल इयरच्या पोरांमध्ये एक तरी ग्रुप असतो ज्याला कुठलातरी छापील अंक 'डिजिटल' करायचा असतो, आणि दरवर्षी त्यांचा अर्धा वेळ होम पेज रंगवण्यात जातो. शेवटच्या आठवड्यात लक्षात येतं की मजकूर टाइपच झालेला नाही, मग पीडीएफ उचलायची, फ्लिपबुकमध्ये टाकायची, पान उलटल्याचा खर्रकन् आवाज लावायचा आणि ज्युरीसमोर, म्हणजे परीक्षकांसमोर, उभं राहायचं. ज्युरीतले एक सर फोनवर लिंक उघडतात, दोन बोटांनी पान मोठं करतात, ओळ वाचायला डावीकडून उजवीकडे सरकवतात, परत डावीकडे येतात, दोन ओळींनंतर फोन खिशात. संपला विषय.

मी स्वतः अप्लाइड आर्टचा, आधी प्रेसमध्ये डीटीपी, म्हणजे कॉम्प्युटरवर पानं लावायचं काम, केलं, आता वेबची कामं करतो आणि संध्याकाळी पोरांचे प्रोजेक्ट बघतो. चार जणांचा ग्रुप आणि दहा आठवडे धरून सांगतोय, तुमच्याकडे कमी वेळ असेल तर अंकातला मजकूर कमी करा पण पायऱ्या गाळू नका.

आधी वस्तू निवडा, आणि ती काय काम करते ते लिहा

प्रिंट म्हटलं की सगळे 'दिसतं कसं' बघतात. तुम्ही एक दिवस फक्त लोक ती वस्तू वापरतात कशी ते बघा. घरातलं कालनिर्णय घ्या, १९७३ पासून भिंतीवर आहे, त्यावर तिथी बघतात ते ठीकच पण दुधाचा खाडा, सिलिंडर लागल्याची तारीख, कामवाल्या मावशींची सुट्टी हे सगळं त्याच चौकोनात पेननं लिहिलेलं असतं. म्हणजे कॅलेंडरची साइट करायची तर तारखा दाखवून भागत नाही, तिथे लिहिता आलं पाहिजे, आणि ते घरातल्या सगळ्यांना दिसलं पाहिजे. हा विषय भारी आहे पण कोडिंग जास्त लागतं, ग्रुपमध्ये कोणी तसं नसेल तर हात लावू नका.

लग्नपत्रिका सगळ्यांना आवडते कारण पटकन होते. एकट्याला दोन आठवड्यांचा असाइनमेंट असेल तर घ्या, मुहूर्त, स्थळ, नकाशा, आणि 'आमच्या मामाच्या लग्नाला यायचं हं' ही ओळ. चौघांच्या ग्रुपला ती पुरत नाही. आणि सोनेरी फॉइल स्क्रीनवर येत नाही हे आत्ताच मान्य करा, पिवळ्या-तपकिरी ग्रेडियंटचं सोनं पितळेसारखं दिसतं.

माझी शिफारस दिवाळी अंकाची. १९०९ साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा काढला तेव्हापासूनची परंपरा, त्यामुळे जवळच्या वाचनालयात गठ्ठे मिळतात, आणि एका अंकात कथा, कविता, व्यंगचित्रं, फोटो, राशिभविष्य, जाहिराती असं डिझाइनचं सगळं सामान एकत्र असतं. मोठ्या नावाचा अंक नको, परवानगीतच महिना जाईल. गावातल्या मंडळाचा, सोसायटीचा, वाचनालयाचा अंक बघा ज्याचे संपादक चहाला भेटतात. कॉलेजचा वार्षिकांकही चालतो, फक्त त्याची एक भानगड आहे ती पुढे सांगतो.

आता मुख्य गोष्ट. 'आवाज'च्या दिवाळी अंकातली खिडकीचित्रं आठवतात? मधुकर पाटकरांच्या त्या अंकात पानालाच खिडकी कापलेली असायची, खिडकीतून बघितलं की काहीतरी चावट चाललंय असं वाटायचं आणि पान उलटलं की साधंच काहीतरी निघायचं, म्हणजे चावट आपलंच डोकं. आता याची पीडीएफ करून बघा. पहिलं पान, दुसरं पान, विनोद मेला. कारण तो विनोद चित्रात जेवढा आहे तेवढाच कापलेल्या कागदात आणि उलटणाऱ्या हातात आहे. वेबवर तुम्हाला चित्र न्यायचं नाहीये, ती उलटण्याची क्रिया न्यायची आहे, मग ती बोट टेकवून उघडणारी झडप असेल किंवा स्क्रोल करताना सरकणारा पडदा असेल. माउस नेल्यावर उघडेल असं मात्र करू नका, फोनला माउस नसतो आणि हे पोरं दर वेळी विसरतात.

राशिभविष्याचंही तसंच. बारा राशी छापलेल्या असतात पण सलग बारा कोणी वाचत नाही. माणूस आपली रास वाचतो, मग बायकोची, मग पोराची, मग हळूच साहेबांची. म्हणजे वेबवर एका लांबलचक पानाऐवजी तीन-चार राशी निवडून एकाखाली एक बघता येतील अशी सोय. अशी प्रत्येक प्रकाराची एक ओळ लिहा, हे पान वाचक कसं वापरतो. तीच ओळ पुढे वायरफ्रेमला, म्हणजे पानाच्या कच्च्या आराखड्याला, उपयोगी पडते आणि ज्युरीतही तीच विचारतात.

परवानगी आणि फाइली, पहिल्याच आठवड्यात

संपादकांनी हो म्हटलं म्हणजे सगळं झालं असं नाही. लेखकानं कथा त्या अंकापुरती दिलेली असू शकते, चित्रकाराचं वेगळं, फोटोवाल्याचं वेगळं. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखक हयात असेपर्यंत आणि त्यानंतर ६० वर्षं हक्क राहतात, त्यामुळे 'जुना अंक आहे, चालतंय' हे चालत नाही. प्रत्येकाला व्हॉट्सअॅपवर साधा मेसेज करा, आम्ही कोण, कुठला प्रोजेक्ट, साइट फक्त ज्युरीपुरती की सगळ्यांना खुली, आणि त्यांच्या होकाराचा स्क्रीनशॉट एका फोल्डरमध्ये ठेवा. नाही म्हणाले तर ती कथा सोडा, दुसरी घ्या, वाद घालत बसू नका.

वार्षिकांकाची भानगड ही की त्यात मुलामुलींची नावं, वर्ग, फोटो, कधी मोबाईल नंबरसुद्धा असतात. छापील अंक पाचशे घरांत जातो आणि माळ्यावर पडतो, वेबवर तेच नाव सर्च केलं की कायम सापडत राहतं. नंबर काढाच, फोटो विचारून ठेवा, शाळकरी मुलं असतील तर पालकांना विचारून.

फाइलींसाठी डीटीपी करणाऱ्याकडे स्वतः जा, फोनवर काम होत नाही. पेनड्राइव्ह न्या आणि मूळ फाइल मागा, पानं लावायचं सॉफ्टवेअर पेजमेकर असो, कोरल असो, इनडिझाइन असो, सोबत वापरलेल्या फॉन्टची नावं लिहून आणा आणि चित्रांचं फोल्डर वेगळं मागा. कोरलमध्ये मजकूर कर्व्ह करून ठेवलेला असेल तर त्यात अक्षर उरलेलंच नसतं, नुसत्या आकृत्या असतात, तेव्हा कर्व्ह करायच्या आधीची फाइल आहे का हे तिथल्या तिथे विचारा. माझ्या एका ग्रुपला हे तिसऱ्या आठवड्यात कळलं, तोवर प्रेसवाले काका गावी गेलेले.

पानं मोजा

कंटाळवाणं काम आहे पण दुसरा आठवडा यालाच द्या. ९६ पानी अंक म्हणजे १६ पानी सहा फॉर्म (एका मोठ्या कागदावर एकत्र छापून दुमडलेली पानं म्हणजे एक फॉर्म). अंक घेऊन बसा, एका शीटमध्ये प्रत्येक पानाची एक ओळ: पान नंबर, प्रकार, शब्द अंदाजे किती, चित्रं किती, परवानगी आली का, साइटवर घ्यायचं का. जाहिराती, शुभेच्छा, मनोगतं वजा केली की बहुतेक वेळा वाचायचा मजकूर निम्म्यावर येतो, आणि त्यातलाही सगळा घ्यायचा नाही. दोन कथा, एक लांब लेख, पाचेक कविता, एक व्यंगचित्रांचं पान, एक फोटोंचं, आणि राशिभविष्य असेल तर ते. प्रत्येक जातीचा नमुना झाला की बाकीचा मजकूर त्याच साच्यात नंतर कोणीही भरू शकतं, तुमचं काम साचे करण्याचं आहे.

जाहिरातींचं काय करायचं हा प्रश्न ग्रुपमध्ये भांडणं लावतो. माझं मत सांगतो, दुकानांच्या शुभेच्छा सगळ्या टाकायची गरज नाही पण सगळ्या गाळल्या तर अंक कोणाच्या पैशांवर निघाला हेच पुसलं जातं, एक 'सहकार्य' पान करा आणि त्यात नावं द्या, बास.

मजकूर युनिकोडमध्ये आणणं: इथेच प्रोजेक्ट बुडतात

युनिकोड म्हणजे प्रत्येक लिपीतल्या अक्षराला सगळीकडे ठरलेला एकच नंबर, म्हणून तो मजकूर कुठल्याही फोनवर दिसतो. जुन्या अंकांचा मजकूर मात्र बहुतेक श्रीलिपी नाहीतर आयएसएम या टायपिंग सॉफ्टवेअरच्या फॉन्टमध्ये असतो. त्यात कॉम्प्युटरला वाटतं इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं टाइप झालीत, फॉन्ट फक्त त्यांना देवनागरीचा वेष देतो. कॉपी करून ब्राउझरमध्ये टाकलं की वेष गळतो आणि खाली चिन्हांची रांगोळी उरते. पीडीएफमधून कॉपी केलं तरी बऱ्याचदा तेच, अगदी युनिकोड फॉन्टची पीडीएफ असली तरी मात्रा आणि जोडाक्षरं इकडची तिकडे होतात.

मार्ग तीन. मूळ फाइल असेल तर कन्व्हर्टर वापरा, पण तो नेमक्या त्याच फॉन्टचा हवा, एकाच कंपनीच्या दोन फॉन्टचीही मांडणी वेगळी असू शकते. नुसती छापील प्रत असेल तर स्कॅन करून ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून मजकूर करणं, गुगल ड्राइव्हमध्ये इमेज डॉक म्हणून उघडली की मराठी बऱ्यापैकी ओळखते, टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरलाही मराठी येते. आणि कविता असतील तर सरळ हातानं टाइप करा, छोट्या असतात, ओसीआर दुरुस्त करण्यात जास्त वेळ जातो.

चुका कुठे होतात हे माहीत असलं की प्रूफ भराभर होतं. रफार एक अक्षर पुढेमागे सरकतो, ऱ्हस्व वेलांटी शेजारच्या अक्षराला जाते, 'दुसऱ्या'चं 'दुसर्‍या' किंवा 'दुसर्या' होतं, 'ॲ' च्या जागी भलतंच काही येतं, अवतरणचिन्हं उलटतात. आणि एक चूक कोणतंच सॉफ्टवेअर पकडत नाही, म्हणजे 'पान ४७ वर' आणि 'पान १२ वरून पुढे' हे तुकडे मजकुरात तसेच राहतात, किंवा 'सोबतच्या चौकटीत', 'उजवीकडील छायाचित्रात' अशी वाक्यं, फोनवर उजवीकडे काहीच नसतं. हे शोधून काढा आणि 'खालच्या छायाचित्रात' असं संपादकांना विचारून बदला.

वेळ किती? साधारण ३५०-४०० शब्दांच्या एका पानाला पहिल्या प्रूफला माझ्या अनुभवानं २५ मिनिटं जातात. ४० पानं म्हणजे १६-१७ तास, आणि दुसरं वाचन दुसऱ्यानं करायचं, स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही. शक्य असेल तर एकानं मोठ्यानं वाचायचं आणि दुसऱ्यानं अंकात बोट ठेवून बघायचं, प्रेसमध्ये पूर्वी असंच करायचे. चौघांनी वाटून घ्या, तिसरा ते पाचवा आठवडा याचाच.

छापील अंकातलीच चूक सापडली तर? गुपचूप दुरुस्त करू नका, यादी करा, संपादकांना दाखवा, त्यांनी हो म्हटलं की सुधारा.

वायरफ्रेम कागदावर

मजकूर येत असताना दोघांनी हे सुरू करायचं, चौथ्या आठवड्यापासून. फिग्मासारखं डिझाइनचं सॉफ्टवेअर उघडू नका. फोनच्या आकाराच्या कागदाच्या पट्ट्या कापा आणि पेन्सिलनं काढा, साधारण फोनची रुंदी वेबच्या हिशोबात ३६० ते ४१० पिक्सेल असते आणि बहुतेक वाचक तिथेच येणार, डेस्कटॉप नंतर.

दिवाळी अंक हातात आला की माणूस मुखपृष्ठ बघतो आणि थेट अनुक्रमणिकेवर जातो, म्हणून माझ्या मते अनुक्रमणिका हेच होम पेज. मुखपृष्ठ वर थोडं, लगेच खाली यादी. पान नंबराला वेबवर अर्थ नाही पण त्यातून वाचकाला एक अंदाज यायचा, कथा १८ ते ३१ म्हणजे मोठी आहे, रात्री वाचू. तो अंदाज परत द्या, 'वीस मिनिटं' असं लिहून, आणि ती मिनिटं घड्याळ लावून खरंच वाचून काढा, अंदाजपंचे नको. कथा अर्धी राहिली तर परत तिथेच येता आलं पाहिजे, कागदाच्या अंकात बसचं तिकीट घालून ठेवतात तसं.

कवितेची ओळ कवीनं जिथे तोडली तिथेच तुटली पाहिजे. फोनवर लांब ओळ दुमडते तेव्हा दुमडलेला तुकडा थोडा आत सरकवा म्हणजे ती नवी ओळ नाही हे कळतं. हे एवढंसं काम केलेलं मी आजवर दोनच ग्रुपमध्ये बघितलंय.

अक्षर, रंग, चित्रं

फॉन्ट आधी कामाचा बघा मग सुंदर. कथेसारख्या लांब मजकुराला टिरो देवनागरी मराठी छान आहे, छपाईच्या वळणाचा, पण त्यात बोल्ड नाही, तुम्ही बोल्ड मागितलं की ब्राउझर स्वतःच अक्षर जाड करून लावतो आणि ते घाण दिसतं. मुक्ता हा 'एक टाइप' या फॉन्ट करणाऱ्या संस्थेचा, सात वजनांत (म्हणजे जाडीत) आहे, मथळे आणि मेन्यूला बरा. दोन्ही गुगल फॉन्ट्सवर फुकट. देवनागरी फॉन्टमध्ये जोडाक्षरं शेकड्यानं असल्यामुळे फाइल जड असते, म्हणून सातही वजनं लावू नका, दोन पुरे.

पानाच्या कोडमध्ये भाषा मराठी अशी नोंदवा, म्हणजे 'लँग' (lang) मध्ये 'एमआर' (mr). ज्या फॉन्टांत दोन्ही वळणं दिलेली असतात त्यांत त्यामुळे ल आणि श मराठी वळणाचे येतात, नाहीतर हिंदी वळणाचे दिसतात आणि संपादकांना बरोबर खटकतात. स्क्रीन रीडरलाही, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर मोठ्यानं वाचून दाखवणाऱ्या सॉफ्टवेअरला, कळतं की मराठीत वाचायचंय.

ओळींमधलं अंतर इंग्रजीच्या सवयीनं १.४ ठेवाल तर वरचा उकार खालच्या मात्रेत घुसेल, १.७ च्या आसपास ठेवून बघा. अक्षरांमध्ये जास्तीचं अंतर टाकू नका, शिरोरेषा तुटते. इटॅलिक टाळा. दोन्ही बाजूंनी जस्टिफाय टाळा, फोनवर ओळीत पाच-सहा शब्द बसतात, मध्ये खड्डे पडतात. फॉन्ट ठरवायच्या आधी हे शब्द त्यात टाइप करून बघा: कर्तृत्व, वाङ्मय, उद्ध्वस्त, तऱ्हा, क्लृप्ती, हृदय, ॲड, ऑफिस, सर्वांत. यात पास झाला तर घ्या.

रंग स्कॅनमधून आयड्रॉपरनं उचलू नका, कागदाचा पिवळेपणा सोबत येतो. मूळ फाइलमधली सीएमवायके (छपाईच्या चार शाईंची) किंमत घ्या, आरजीबीत (स्क्रीनच्या तीन रंगांत) बदला आणि मग डोळ्यानं जुळवा, कारण कागदावरची शाई आणि उजेडाचा पडदा एकसारखे होत नाहीतच. मजकूर आणि मागचा रंग यांत किमान ४.५ ला १ कॉन्ट्रास्ट, म्हणजे उजळपणातला फरक, हवा, ऑनलाइन चेकर फुकट आहेत. दिवाळी म्हणून पिवळ्यावर केशरी अक्षरं टाकायचा मोह होतो, होऊ देऊ नका.

चित्रं मूळ मागा. छापलेल्या पानावरून स्कॅन केलं तर छपाईचे ठिपके आणि स्कॅनरचे ठिपके एकमेकांवर चढून जाळी दिसते, नाइलाज असेल तर स्कॅनरमध्ये डिस्क्रीन पर्याय चालू करा. ए४ पान ३०० डीपीआयला २४८० बाय ३५०८ पिक्सेल होतं, ते तसंच साइटवर चढवू नका, फोनला १२०० पिक्सेल रुंदी भरपूर झाली, वेबपी फॉरमॅटमध्ये. व्यंगचित्रातली वाक्यं ऑल्ट टेक्स्टमध्ये, म्हणजे चित्राच्या कोडमधल्या वर्णनात, पूर्ण लिहा, नुसतं 'व्यंगचित्र' असं लिहून उपयोग काय.

बांधणी आणि चाचणी

सहावा-सातवा आठवडा बांधायला. साधं एचटीएमएल-सीएसएस येत असेल तर तेच करा आणि गिटहब पेजेसवर फुकट ठेवा, कोणालाच येत नसेल तर वर्डप्रेस. पत्ते रोमन लिपीत छोटे ठेवा, देवनागरी पत्ता व्हॉट्सअॅपवर पेस्ट केला की टक्केचिन्हांची माळ होते आणि आत्याबाई ती व्हायरस समजून डिलीट करतात. लिंक पाठवल्यावर दिसणारं छोटं चित्र प्रत्येक कथेला वेगळं द्या.

आठव्या आठवड्यात चाचणी, आणि ती वर्गमित्रांवर नको, ते कौतुक करतात. अंकाचे खरे वाचक गाठा, वाचनालयात दुपारी पेपर वाचायला येणारे आजोबा सगळ्यात बरे. त्यांचाच फोन, त्यांचीच फॉन्ट साइज, ती ते मोठी करून ठेवतात आणि तिथे तुमचं लेआउट फुटतं. त्यांना म्हणा, 'काका, अमुक कथा शोधा आणि वाचा', आणि मग गप्प बसा, 'इथे दाबा' म्हणायचं नाही. कुठे थांबले, कुठे परत मागे गेले ते एकानं लिहायचं. पाच-सहा जण झाले की त्याच त्याच अडचणी परत येतात, तेवढं पुरतं. नववा आठवडा दुरुस्तीला.

ज्युरी आणि नंतर

दहावा आठवडा मांडणीचा. शेजारी शेजारी दोन गोष्टी ठेवा, उघडा छापील अंक आणि त्याच पानावर असलेला फोन, आणि मध्ये ती सुरुवातीची एक ओळ, वाचक हे पान कसं वापरतो. मूडबोर्डचे आठ पॅनल लावण्यापेक्षा फसलेल्या दोन वायरफ्रेम लावा आणि का टाकल्या ते सांगा.

लॉगिन ग्रुपमधल्या दोघांकडे तरी हवं आणि एक प्रत संपादकांना पेनड्राइव्हवर द्या, नाहीतर पासआउट झालात की साइट बेवारस. श्रेयनामावलीत अंक लावणाऱ्या डीटीपीवाल्या काकांचं नाव विसरू नका, संपादकांच्या इतक्याच टाइपात. आणि साइटचा क्यूआर कोड छापून एक बुकमार्क करा, वाचनालयात त्या अंकाची जी प्रत आहे तिच्यात घालून या, ग्रंथपालांना विचारून.